मानेत डावीकडे, अगदी खाली, पुन्हा पुन्हा येणारी गाठ : ही जन्मजात असू शकते का आणि निदान कसे करतात?

नौपाडा_आजोबा

नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्याला राहतो. नोकरी बँकेत झाली, त्यामुळे वैद्यकातले मला कळते असा दावा नाही. मात्र कागद तारीखवार लावून ठेवण्याची सवय आहे आणि त्या फाइलकडे पाहूनच हा प्रश्न लिहितो आहे.

माझी नात ७ वर्षांची आहे. सव्वा वर्षापूर्वी सर्दी-ताप झाल्यानंतर तिच्या मानेत डाव्या बाजूला, श्वासनलिकेच्या अगदी शेजारी आणि कॉलरबोनच्या साधारण दोन बोटे वर, दुखरी सूज आली. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी गळ्यातली गाठ सुजली आहे असे सांगून अँटिबायोटिक दिले आणि ८ दिवसांत सूज ओसरली. पाच महिन्यांनी त्याच जागी पुन्हा सूज आली, त्वचा लाल झाली आणि एका खासगी रुग्णालयात भूल देऊन छेद घेऊन पू काढावा लागला. जखम भरली, व्रण राहिला, आणि आता तिसऱ्यांदा तेच झाले आहे.

या वेळच्या सोनोग्राफीत थायरॉइडच्या डाव्या भागाच्या वरच्या टोकाशी पू साचल्याचे म्हटले असून, पुढे ‘ब्रँकियल सिस्टला जंतुसंसर्ग किंवा थायरॉइडचे गळू’ अशा दोन शक्यता दिल्या आहेत (सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी). एका डॉक्टरांचे म्हणणे असे की, मुलांच्या मानेत पुन्हा पुन्हा गाठ येते ती क्षयाचीच असते, तेव्हा एकेटी, म्हणजे क्षयाची औषधे, सुरू करावी. मी जे थोडेफार वाचले त्यात ब्रँकियल सिस्ट जबड्याच्या कोनाखाली असते आणि थायरोग्लॉसल सिस्ट मानेच्या मधोमध असते असे होते. आमची गाठ या दोन्ही जागी नाही. मग ती जन्मजात असू शकते का, आणि असेल तर ती ओळखण्याची रीत काय? छेद पुन्हा घ्यायचा की नाही, हे या आठवड्यात ठरवायचे असल्याने जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वाशी_ईएनटी

आजोबा, तुमच्या फाइलमुळे माझे अर्धे काम झाले आहे. मी ३० वर्षे कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया केल्या, आता फक्त सल्ला देतो. मुलीला पाहिलेले नाही, तेव्हा पुढचे लिखाण तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने वाचा.

पुस्तकात दिलेल्या जागा चुकीच्या नाहीत, पण त्या ‘बहुतेक वेळा’च्या जागा आहेत. थायरॉइड ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्याच्या सुमारास मानेत खाली उतरते. तिच्या वाटेची नळी पुढे विरून जाते आणि ती जिथे विरत नाही तिथे थायरोग्लॉसल सिस्ट होते. म्हणजे जिभेच्या मुळापासून थायरॉइडपर्यंत ती कुठेही असू शकते, आणि हायॉईड हाडाच्या (जिभेच्या मुळाखाली मानेत असणारे छोटे हाड) खाली ती थोडी बाजूला सरकलेलीही सापडते, विशेषतः डावीकडे. कल्ल्यांसारख्या ज्या (ब्रँकियल) कमानी गर्भाच्या मानेत असतात, त्यांच्यामध्ये बाहेरून फटी आणि आतून कप्पे असतात; त्यांपैकी दुसऱ्या कमानीच्या फटीपासून झालेल्या सिस्ट सर्वांत जास्त असतात, दहातल्या नऊच्या वर. तुम्ही वाचलेली जबड्याच्या कोनाखालची गाठ ती हीच. पहिल्या फटीतली कानाच्या किंवा गालाच्या गाठीचे सोंग घेते. तिसऱ्या आणि चौथ्या कप्प्यातली मात्र फारच थोड्यांनी पाहिलेली असते, आणि तुमच्या नातीची कथा मला तिकडे नेते.

स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना घशात एकेक खळगा असतो, त्याला पिरिफॉर्म सायनस म्हणतात. काही मुलांमध्ये त्या तिसऱ्या-चौथ्या कप्प्याचा अवशेष म्हणून या खळग्याच्या तळातून एक बारीक वाट निघते आणि ती थायरॉइडच्या वरच्या टोकापर्यंत किंवा त्याच्या आत जाऊन थांबते. सर्दी झाली की घशातले जंतू त्या वाटेने खाली उतरतात आणि थायरॉइडच्या शेजारी पू होतो. दहापैकी साधारण नऊ रुग्णांत ही वाट डावीकडेच असते. थायरॉइड ग्रंथीला स्वतःचे आवरण आहे, भरपूर रक्तपुरवठा आहे आणि तिच्यात आयोडीनचे प्रमाण जास्त आहे, त्यामुळे तिथे सहसा गळू होत नाही. म्हणून लहान मुलात, डावीकडे, थायरॉइडपाशी गळू झाले, तेही एकाच जागी तीनदा, तर खालून वर नव्हे तर घशाकडून खाली पाहावे असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू. त्वचेवर कुठे भोक असेलच असे नाही; तुमच्या मुलीला आता जो व्रण आहे तो छेदाचा आहे.

निदानाची खरी कसोटी ती वाट दाखवण्यात आहे. पहिली पायरी बेरियम किंवा तत्सम औषध गिळवून घशाचे एक्सरे काढण्याची, पण ती संसर्ग भरात असताना करू नका, कारण सुजेने वाटेचे तोंड बंद असते आणि एक्सरे ‘नॉर्मल’ येतो. सूज पूर्ण ओसरल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी करा. दुसरी आणि अधिक भरवशाची पायरी म्हणजे भूल देऊन दुर्बिणीने पिरिफॉर्म सायनसचा तळ प्रत्यक्ष पाहणे. भोक दिसले की शंका संपते. आत्ता पू खूप असेल तर तो काढावाच लागेल, त्याला पर्याय नाही, परंतु शक्य असेल तर सोनोग्राफीखाली सुईने काढावा. प्रत्येक छेदाने तिथले थर एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या शल्यविशारदाला स्वरयंत्राची नस (मज्जातंतू) शोधणे कठीण होते.

सोनो_ऐरोली

वरच्या प्रतिसादात एक भर. मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि असे रिपोर्ट माझ्याच टेबलावरून जातात, म्हणून थोडे स्वतःच्या पेशाविरुद्धही लिहितो. सोनोग्राफीत सिस्ट म्हणजे आतून काळी, पातळ भिंतीची आणि मागे उजळ पट्टा देणारी, हे शिकवले जाते. मानेतल्या जन्मजात सिस्टमध्ये प्रथिने, पेशींचा कचरा आणि पूर्वीच्या संसर्गाचा गाळ साचलेला असतो, तेव्हा ती घन गाठीसारखी दिसते आणि रिपोर्टमध्ये ‘लिंफ नोड’ (लसीका ग्रंथी) लिहिले जाते. प्रोबने हलकेच दाबल्यावर आतला द्रव फिरताना दिसतो का आणि डॉप्लरवर मधोमध रक्तप्रवाह आहे का, एवढ्या दोन गोष्टी पाहिल्या तरी पुष्कळ घोटाळे टळतात.

जागा विचित्र असेल तेव्हा मी जागेचे नाव लिहीत नाही, तिचे शेजारी लिहितो : गाठ हायॉईड हाडाशी जोडलेली आहे का, गळ्याच्या स्नायूच्या आत आहे की बाहेर, थायरॉइडला बाहेरून ढकलते की त्यातच आहे, खाली छातीच्या दिशेने शेपूट आहे का. दोन्ही कॉलरबोनच्या मधल्या खळग्यात गाठ असेल तर डर्मॉइड (त्वचेसारखे अस्तर असलेली जन्मजात पिशवी), थायमस या छातीतल्या ग्रंथीची सिस्ट आणि श्वसनमार्गाच्या अंकुरापासून झालेली ब्रॉन्कोजेनिक सिस्ट या तिन्ही डोक्यात ठेवाव्या लागतात. डर्मॉइडमध्ये चरबीचे थेंब असतील तर पिशवीत गोट्या भरल्यासारखे चित्र दिसते, आणि ते एकदा पाहिले की विसरत नाही. थायमस मानेतूनच छातीत उतरते, त्यामुळे तिची सिस्ट जबड्याच्या कोनापासून छातीपर्यंत कुठेही, बहुधा डावीकडे, सापडते. मानेच्या मागच्या त्रिकोणात अनेक पडद्यांची, टॉर्च लावल्यावर उजळणारी मऊ गाठ असेल तर लसीकावाहिन्यांची विकृती, जिला जुन्या पुस्तकांत सिस्टिक हायग्रोमा म्हटलेले असते, ती आधी आठवावी. बहुतेक मुलांत ती २ वर्षांच्या आतच दिसून येते.

नातीच्या बाबतीत मी दोन गोष्टी विचारीन. पुवाच्या जागेत हवेचे बुडबुडे दिसले होते का? त्वचा फुटलेली नसताना आत हवा असेल तर घशाशी संबंध जवळजवळ ठरला. आणि थायरॉइडचा उजवा भाग, मधला भाग, सर्व जागच्या जागी आहेत का? सीटी स्कॅनला माझा सहसा विरोध असतो, कारण वय ७ आहे आणि किरणे थायरॉइडवरच पडतात. पण वाट कुठे जाते ते शस्त्रक्रियेपूर्वी कळायला हवे असेल तर एकदाच, नीट विचार करून, कॉन्ट्रास्ट देऊन करावा.

स्लाइड_नेरूळ

मी पॅथॉलॉजीत आहे, त्यामुळे एकेटीच्या मुद्द्यावर बोलणे मला भाग आहे. आपल्या भागात क्षयाच्या गाठी भरपूर दिसतात आणि कोणत्याही डॉक्टरला क्षयाची शंका यावी यात गैर काहीच नाही. गैर आहे ते पुराव्याशिवाय सहा महिन्यांची औषधे सुरू करणे. क्षयाचे गळू थंड असते. ते हळूहळू वाढते, त्वचा बराच काळ लाल होत नाही, आणि साध्या अँटिबायोटिकने ८ दिवसांत ओसरत नाही. तुम्ही लिहिलेली गाठ सर्दी-तापानंतर, लाल होऊन फुगते आणि औषधाने मावळते. हे चित्र क्षयाचे नाही. तरीही शंका शिल्लक राहू नये म्हणून या वेळी जो पू निघेल तो तीन बाटल्यांत घ्यायला सांगा : एक साध्या जंतूंच्या कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी), एक सीबीनॅट या क्षयजंतू शोधणाऱ्या चाचणीसाठी आणि क्षयजंतूंच्या कल्चरसाठी, एक आमच्याकडे स्लाइडसाठी. पू ओतून दिला आणि बाटली रिकामीच राहिली, असे प्रकार मी इतके पाहिले आहेत की हे वाक्य लिहिल्याखेरीज राहवत नाही. कल्चरमध्ये तोंडातले आणि घशातले मिश्र जंतू वाढले, तर तोही वाटेच्या बाजूने पडलेला कौल समजावा.

सुईच्या तपासणीबद्दलही एक सांगतो. सुई टाकून केलेल्या तपासणीत सिस्टची आतली पेशीस्तरे दिसली तर उत्तमच, पण संसर्ग होऊन गेलेल्या सिस्टमध्ये ती स्तरे गळून गेलेली असतात आणि हाती फक्त पू लागतो. कोलेस्टेरॉलचे स्फटिक दिसले म्हणजे ब्रँकियल सिस्ट, असेही नाही. ते कोणत्याही जुन्या सिस्टमध्ये दिसतात. तेव्हा पत्रकावर ‘पू, पेशी अपुऱ्या’ असे आले तर जन्मजात सिस्ट नाही असा अर्थ काढू नका. नक्की नाव शेवटी पूर्ण काढलेल्या भिंतीवरूनच कळते : केसाळ कडांच्या श्वसनपेशी दिसल्या, थायरॉइडच्या पेशी दिसल्या की थायमसमध्ये असणारे हॅसलचे कण दिसले, यावरून ती कुठून आली हे आम्ही सांगतो.

खारघरची_आई

आजोबा, मी डॉक्टर नाही, पण थायरॉइड जागच्या जागी आहे का हा प्रश्न वर वाचला आणि लिहावेसे वाटले. आमचा मुलगा ४ वर्षांचा असताना हनुवटीच्या खाली, मधोमध, लिंबाएवढी गाठ दिसू लागली. पहिल्या ठिकाणी तिला थायरोग्लॉसल सिस्ट म्हणून शस्त्रक्रियेची तारीखसुद्धा दिली होती. दुसऱ्या डॉक्टरांनी तारखेच्या आधी मानेची पूर्ण सोनोग्राफी करून घ्या म्हटले आणि त्यात थायरॉइडच्या नेहमीच्या जागी काहीच नव्हते. रक्तातले टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) वाढलेले निघाले, मग थायरॉइड शोधणारा टेक्निशियमचा स्कॅन झाला आणि कळले की ती गाठच त्याची एकुलती एक थायरॉइड ग्रंथी होती, वाटेतच अडकलेली. ती काढली असती तर त्याच्याकडे थायरॉइडच उरली नसती. आता रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी चालू आहे आणि गाठ बरीच लहान झाली आहे. त्या पहिल्या तारखेची चिठ्ठी मी अजून टाकलेली नाही.

वाशी_ईएनटी

ताईंनी लिहिलेले प्रत्येक पालकाने वाचावे. मधोमध असलेली कोणतीही गाठ काढण्यापूर्वी थायरॉइड शोधणे हा नियम आहे, सूचना नव्हे. आणि ती खरोखरच थायरोग्लॉसल सिस्ट निघाली तर फक्त गाठ सोलून काढणे पुरत नाही. सिस्ट्रंक यांनी १९२० मध्ये हायॉईड हाडाचा मधला तुकडा आणि त्यामागची वाट गाठीबरोबर काढण्याची पद्धत मांडली ती याच कारणाने. नुसती गाठ काढली की ती पुन्हा येण्याचे प्रमाण फार मोठे असते. जीभ बाहेर काढल्यावर गाठ वर सरकते की नाही ही चाचणी जरूर करावी, पण गाठ लहान असेल किंवा सुजून चिकटली असेल तर ती सरकत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

घणसोली_५२

क्षमस्व, धाग्यात थोडे बाजूला जातो. माझे वय ५२. उजव्या जबड्याखाली तीन महिन्यांपासून न दुखणारी, मऊ, कोयीएवढी गाठ आहे. सोनोग्राफीत सिस्ट म्हणाले, सुईने पिवळसर द्रव निघाला आणि अहवालात ‘कर्करोगाच्या पेशी नाहीत’ असे आहे. जागा अगदी पुस्तकातली, म्हणजे ब्रँकियल सिस्ट समजून निश्चिंत राहू का? माझे दुखणे काही नाही, तंबाखूची सवय मात्र २० वर्षे होती.

वाशी_ईएनटी

नाही. तुम्ही बाजूला गेला नाहीत, उलट याच विषयाच्या दुसऱ्या टोकाशी आला आहात. ७ वर्षांच्या मुलीत विचित्र जागी आलेली गाठ जन्मजात असू शकते, आणि ५२ वर्षांच्या माणसात अगदी पुस्तकी जागी आलेली गाठ जन्मजात नसू शकते. चाळिशीनंतर मानेच्या बाजूला नव्याने दिसलेली सिस्ट ही, दुसरे काही सिद्ध होईपर्यंत, कर्करोग पसरून आतून पोकळ झालेली लसीका ग्रंथी समजायची असते. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कर्करोगात, विशेषतः एचपीव्ही विषाणूशी निगडित प्रकारात, मूळ जागा इतकी लहान असते की रुग्णाला तिचा पत्ताही नसतो. थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगातही अशाच पोकळ गाठी होतात. द्रवात पेशी कमी असतात, म्हणून एका सुईचा ‘नाही’ हा निकाल धरून बसता येत नाही.

सोनोग्राफीखाली गाठीच्या जाड भिंतीतून पुन्हा सुई घेतली जावी, निघालेल्या द्रवात थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन) तपासले जावे, थायरॉइडची स्वतंत्र सोनोग्राफी व्हावी आणि ईएनटी डॉक्टरांनी टॉन्सिल व जिभेचे मूळ डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे. त्यावर पुढे सीटी, एमआरआय किंवा पेट स्कॅन ठरतो. उघडून गाठ काढून ‘बघू या’ हे मात्र करू देऊ नका. तुमच्या जवळ खारघरला टाटा मेमोरियलचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे, कळव्याला महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. कुठेही जा, पण याच आठवड्यात जा.

स्लाइड_नेरूळ

घणसोलीकर, जाताना पहिल्या तपासणीच्या मूळ काचा प्रयोगशाळेतून मागून बरोबर न्या. अहवालाचा कागद नव्हे, काचा. त्या पुन्हा पाहता येतात.

नौपाडा_आजोबा

आठ आठवड्यांनी परत लिहितो आहे, कारण येथे वाचणाऱ्या पुढच्या कुणाला उपयोग व्हावा. त्या आठवड्यात छेद न घेता सोनोग्राफीखाली सुईने पू काढला आणि मी हट्टाने तीन बाटल्या भरून घेतल्या. सीबीनॅटमध्ये क्षयजंतू आढळले नाहीत, साध्या कल्चरमध्ये घशातले मिश्र जंतू वाढले. एकेटी सुरू केली नाही. जुन्या सोनोग्राफीच्या फिल्म पुन्हा दाखवल्या, तेव्हा दुसऱ्या वेळच्या फिल्ममध्ये हवेचे दोन ठिपके होते. अहवालात मात्र त्यांचा उल्लेख नव्हता.

परवा बेरियमचे एक्सरे झाले. नातीने चव आवडली नाही म्हणून अर्धा पेला तसाच ठेवला, तरी डाव्या खळग्याच्या तळातून खाली उतरणारी, दोऱ्यासारखी पांढरी रेघ आम्हालाही दाखवता आली. आता दुर्बिणीने ते तोंड आतून जाळून बंद करण्याची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. घरच्यांचा एकच प्रश्न उरला आहे : बाहेरून मान उघडून ती वाट पूर्ण काढणे अधिक खात्रीचे नाही का?

वाशी_ईएनटी

आजोबा, उत्तम झाले. पूर्वी आम्ही सगळ्यांचीच मान उघडत असू, प्रसंगी थायरॉइडचा डावा भागही काढावा लागे. एकदा छेद झालेल्या मानेत ती वाट व्रणात हरवते आणि स्वरयंत्राची नस जवळून जाते, म्हणून आता बहुतेक ठिकाणी आधी आतून तोंड बंद करून पाहतात. त्यानंतर थोडे दिवस आवाज घोगरा राहू शकतो. काही मुलांना ते दुसऱ्यांदा करावे लागते. तरीही सूज आलीच, तर मान उघडण्याचा मार्ग शिल्लक असतो. डॉक्टरांना एवढेच विचारा की भूल दिलेली असताना ते उजवा खळगाही पाहून घेतील का, आणि फिल्ममधले ते दोन ठिपके त्यांना आधी दाखवून ठेवा.